मैलापूरचे वाग्गेयकार : पापनाशम शिवन

गीताचे मूल्यमापन कोणी करावे, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा टाळलेलाच आहे. साहित्याचा समीक्षक गीत हाती घेतो तेव्हा त्यातील शब्द तेवढे वेचून घेतो आणि स्वरांचा भाग हा संगीतज्ञांचा प्रांत म्हणून बाजूला सारतो. संगीताचा समीक्षक राग, ताल आणि गायकी यांची चिकित्सा करतो; शब्द त्याच्या लेखी स्वर अडकवण्याची खुंटी असते. परिणामी ज्याने शब्द आणि स्वर एकाच श्वासात निर्माण केले, अशा कलावंताचे माप घेण्यास कोणाचीच फूटपट्टी पुरी पडत नाही. तो साहित्याच्या इतिहासात तळटीपेत जातो आणि संगीताच्या इतिहासात नामावळीत.

वास्तविक या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राच्या भूमीवरच फार पूर्वी झालेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने राहणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त अशा कलावंताला 'वाग्गेयकार' हे नाव दिले. गीतातील वाणी म्हणजे 'मातु' आणि गेय अंश म्हणजे 'धातु'. दोन्ही जो रचतो तो वाग्गेयकार. शार्ङ्गदेवाने त्याची प्रतवारीही लावली आहे. धातू आणि मातू या दोहोंत प्रभुत्व असलेला तो उत्तम. धातू भरीव पण मातू दुबळा असलेला तो मध्यम. शब्द रमणीय पण स्वररचना मंद असलेला तो अधम. दुसऱ्याने केलेल्या धातूवर आपले शब्द बसवणारा तो 'कुट्टिकार'. ही प्रतवारी कठोर आहे, पण तिच्यात एक न्याय आहे. शब्द आणि स्वर यांचा निवाडा वेगवेगळ्या न्यायासनांपुढे चालवता येत नाही, हे ती मानते.

विसाव्या शतकात या कसोटीवर घासून पाहावे असे एक नाव मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, मैलापूर या भागात सापडते. पापनाशम शिवन (1890–1973) हे ते नाव होय. कर्नाटक संगीताच्या मैफलीत त्यांच्या कृती श्रद्धेने गायिल्या जातात. तमिळ बोलपटाच्या पहिल्या दोन दशकांतील लोकप्रिय गीतांवरही त्यांचीच मुद्रा आहे. मंदिराभोवतीच्या रस्त्यांतून पहाटे भजन गात जाणारे शिवन आणि नर्तिकेच्या महालात गायिले जाणारे शृंगारगीत लिहिणारे शिवन हे एकच. या विसंगतीकडे त्यांच्या चाहत्यांनी बहुधा कानाडोळा केला आहे. 'तमिळ त्यागराज' ही लोकांनी दिलेली पदवी पुढे केली की बोलपटाचा अध्याय उपजीविकेच्या नावाखाली मिटवता येतो. परंतु हा अध्याय मिटवला तर शिवन यांच्या रचनेचे मर्मच हातचे निसटते.

त्यांचा जन्म तंजावर प्रांतातील पोलगम या गावी झाला. मूळ नाव रामय्या. वडील लहानपणीच वारले आणि आईसह त्यांना त्रावणकोरात जावे लागले. तेथे मलयाळम आणि संस्कृत या भाषांचे शिक्षण झाले. तिरुवनंतपुरमच्या संस्कृत महाविद्यालयातून त्यांनी व्याकरणाची पदवी मिळवली. नीलकंठ शिवन या भक्तकवीच्या पदांचा संस्कार याच नगरात झाला. 1910 मध्ये आईचेही छत्र हरपले, आणि हा तरुण वैयाकरण तंजावर भागात परतून मंदिरामंदिरांतून गात हिंडू लागला. पापनाशम येथे थोरल्या भावाकडे राहत असताना, अंगभर भस्म लावलेल्या या गायकाला लोकांनी 'पापनाशम शिवन' म्हणण्यास सुरुवात केली आणि तेच नाव कायम झाले. गीतांत मात्र त्यांनी 'रामदासन' ही मुद्रा ठेवली. जन्मनावाची ती एवढीच खूण उरली.

या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. शिवन कोणत्याही दरबाराचे नव्हते आणि एका गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून घडलेले घराणेदार गायकही नव्हते. प्राथमिक पाठ काहींकडून मिळाले. कोनेरीराजपुरम वैद्यनाथ अय्यर या थोर गायकाच्या सहवासाने त्यांची रागदृष्टी घडली. उरलेले मंदिरांच्या प्रांगणांत जमले. 1930 मध्ये ते मद्रासला आले आणि मैलापूरचे झाले. पुढे अड्यारच्या 'कलाक्षेत्रा'त त्यांनी काही वर्षे संगीत शिकवले. परंतु त्यांची खरी शाळा कपालीश्वराच्या देवळाभोवतीचे चार रस्ते हीच राहिली.

या रस्त्यांना 'माडवीथी' म्हणतात. पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार माडवीथी देवळाला आणि त्याच्या पश्चिमेच्या तलावाला वेढून आहेत. मार्गळी महिन्यात, म्हणजे ज्याला मराठी माणूस धनुर्मास म्हणतो त्या डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत, भल्या पहाटे या रस्त्यांतून भजनाची फेरी निघते. शिवन यांनी ही फेरी वर्षानुवर्षे स्वतः गात चालवली आणि शिष्यांना तिच्यात ओढले; मार्गळीच्या पहाटे माडवीथींतून आजही भजन चालते. वासुदेवाची फेरी, काकडआरती आणि दिंडी यांची ओळख असलेल्या वाचकास हे दृश्य परके वाटणार नाही. ते वाटू नये याला ऐतिहासिक कारणही आहे. तंजावरात 1855 पर्यंत भोसले घराण्याची गादी होती. त्या काळात मराठी अभंग तेथील नामसंकीर्तनात मिसळले, आणि मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते पुढे तमिळ हरिकथेत रुजली. त्यागराजही त्याच राज्यात उंछवृत्तीने, रस्त्याने गात भिक्षा मागून राहत. शिवन यांची फेरी या परंपरेतील आहे.

रस्त्यावर गायिल्या जाणाऱ्या गीताची एक अट असते. मैफलीतील श्रोता बसलेला असतो; एखादी ओळ दहा वेळा वळवून ऐकण्याची त्याची तयारी असते. रस्त्यावरचा श्रोता दारात उभा असतो, गाणारा पुढे सरकत असतो. गीताचा पहिला उद्गार त्या उंबरठ्याशीच समजला पाहिजे. शिवन यांच्या पल्लवी पाहिल्या तर या अटीचा ठसा सर्वत्र दिसतो. त्यांच्या गीतांचा आरंभ बहुधा वर्णनाने होत नाही, संबोधनाने होतो. कोणीतरी कोणाला तरी काही विचारतो, काही मागतो, तक्रार करतो. वाक्य घरात बोलल्या जाणाऱ्या तमिळचे असते आणि त्याचा अर्थ लागण्यासाठी पुढच्या ओळीची वाट पाहावी लागत नाही. संस्कृत व्याकरणाच्या पदवीधराने असे लिहावे यात त्यांची पहिली तऱ्हा आहे.

'नान ओरु विळैयाट्टु बोम्मैया' ही कृती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मी काय केवळ एक खेळणे आहे, असा जगज्जननीला केलेला हा प्रश्न आहे. देवाशी भांडणारा भक्त मराठीला नवा नाही. नामदेव, जनाबाई आणि तुकाराम यांनी विठ्ठलाला पुरेसे सुनावले आहे. तमिळ शैव परंपरेतही सुंदरर या संताला 'कठोर सेवक' असे नाव पडले, ते शिवाशी असलेल्या अशाच सलगीमुळे. तेव्हा भाव परंपरेतील आहे. नवे आहे ते त्याला दिलेले स्वररूप. या कृतीचा राग नवरसकन्नड. त्याच्या आरोहात ऋषभ, धैवत आणि निषाद वर्ज्य आहेत. अवरोहात मात्र ते परत येतात आणि पंचम गळतो. म्हणून चढताना स्वर उड्या घेतो आणि उतरताना पायरी पायरीने खाली येतो. वर उडवलेली आणि मग हळूहळू जमिनीवर आणलेली एखादी बाहुली डोळ्यांपुढे यावी, अशी ही चाल आहे. शिवन यांनी हे जाणूनबुजून योजले की नाही, हा प्रश्न गौण होय. करुण प्रश्नाला त्यांनी करुण म्हणून रूढ झालेला राग दिला नाही, खेळकर चालीचा राग दिला. त्यामुळे तक्रारीत लाडिकपणा येतो आणि लाडिकपणात व्यथा. यातील शब्द वेगळे काढले तर एक साधे गाऱ्हाणे उरते आणि स्वर वेगळे काढले तर एक चटकदार राग. दोन्ही एकत्र आल्यावर जो अर्थ होतो तो दोहोंपैकी एकातही नव्हता.

याच्या उलट बाजूला कांबोजी रागातील 'काण कण कोडि वेंडुम' ही कृती ठेवावी. कपालीश्वराच्या पंगुनी उत्सवातील मिरवणूक पाहण्यास कोटी डोळे हवेत, हा तिचा विषय. मैलापूरच्या उत्सवांना गीतात गुंफण्याची प्रथा सातव्या शतकातील संबंदरपर्यंत जाते. त्याच्या पदिकात कडव्याकडव्यातून पूंपावै नावाच्या मुलीला, हा उत्सव न पाहताच तू जाणार का, असे विचारले आहे. तिला पुन्हा जिवंत केल्याची कथा या क्षेत्राशी निगडित आहे. शिवन यांची कृती या वंशातील आहे. येथे त्यांनी कांबोजीसारखा विस्ताराला वाव देणारा, भारदस्त राग निवडला, आणि अलंकारांनी सजलेली देवाची स्वारी चरणात एकेका तपशिलाने पुढे सरकू दिली. हे गीत स्वतःच मिरवणुकीच्या गतीने चालते. मात्र तपशिलांच्या या गर्दीतही पल्लवीतील उद्गार साधाच राहतो. मिरवणूक पाहणाऱ्या कोणत्याही सामान्य माणसाच्या तोंडून तो सहज निघू शकेल.

तिसरे उदाहरण काफी नव्हे, तर कर्नाटक पद्धतीतील कापी रागाचे आहे. 'एन्न तवम सेय्दनै' या पदात यशोदेला विचारले आहे की, परब्रह्माने तुला आई म्हणून हाक मारावी असे कोणते तप तू केलेस? येथे प्रश्न देवाला नाही, देवाच्या आईला आहे. आणि प्रश्नात भक्तीइतकाच एक गोड मत्सर आहे. चौदा भुवने निर्माण करणाऱ्याला उखळाला बांधण्यातील विरोध शिवन यांनी तात्त्विक चमत्कृती म्हणून मांडला नाही, शेजारणीने कौतुकाने बोलावे तसा मांडला. कापीसारख्या लवचिक, घरगुती वळणाच्या रागाने त्या बोलण्याला सूर दिला. या तिन्ही रचनांत राग निरनिराळे आहेत, परंतु रचनेचे बीज एकच आहे. आधी एक बोलणारे माणूस कल्पिले जाते, आणि त्याच्या बोलण्याची जी चढउतार असेल ती शोधत राग येतो.

हे लक्षात घेतले म्हणजे बोलपटाचा प्रश्न वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. शिवन यांचा बोलपटात प्रवेश झाला तो 1934 च्या 'सीता कल्याणम' या तमिळ चित्राने. आणि त्याचे दिग्दर्शक होते बाबूराव पेंढारकर. रामाची भूमिका एस. राजम या मैलापूरच्या मुलाने केली. पुढे गायक आणि चित्रकार म्हणून त्याचे मोठे नाव झाले. तेथून पुढे 'चिंतामणी' (1937), 'अंबिकापती' (1937), 'अशोककुमार' (1941), 'शिवकवी' (1943), 'हरिदास' (1944) अशी मालिका दिसते. एम. के. त्यागराज भागवतर या गायक-नटाचा कंठ आणि शिवन यांचे शब्द हा त्या काळातील तमिळ प्रेक्षकाचा ध्यास होता. काही चित्रांत ते स्वतः पडद्यावरही आले. के. सुब्रह्मण्यम यांच्या 'त्यागभूमी'त (1939) त्यांनी शंभू शास्त्री या भाविक, वादळात हरिजनांना आसरा दिल्यामुळे वाळीत पडलेल्या ब्राह्मणाची भूमिका केली. या चित्रावर 1940 मध्ये ब्रिटिश सरकारने बंदी घातली.

भाविक वाग्गेयकाराने हे करावे काय, असा आक्षेप घेतला जातो. आणि त्याचा सर्वांत अवघड दाखला 'हरिदास' हाच आहे. सुंदरराव नाडकर्णी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्राची कथा मराठी वाचकास ओळखीची वाटेल. भोगात बुडालेला आणि आईबापांचा अव्हेर करणारा मुलगा पश्चात्तापाने त्यांच्या सेवेत रमतो आणि देव त्याच्यासाठी येतो. ही तर पुंडलिकाची कथा होय. मद्रासच्या एका चित्रगृहात हे चित्र तीन दिवाळ्या पाहीपर्यंत टिकले. यातील 'मन्मद लीलैयै वेन्ऱार उंडो' हे गीत मदनाच्या लीलेला कोणी जिंकले आहे काय, असा प्रश्न करते. नायकाच्या अधःपाताच्या प्रसंगी ते येते आणि त्याचा राग आहे चारुकेशी. त्याच चित्रात पुढे पश्चात्तापानंतर कृष्णाला आळवणारे गीतही शिवन यांचेच आहे. आक्षेपक म्हणतात, एकाच लेखणीने दोन्ही लिहिले, तेव्हा एकतरी खोटे असले पाहिजे.

परंतु शृंगारगीताचीही घडण पाहावी. तेही प्रश्नच आहे. तेही पहिल्या उद्गारात पुरे होते. चारुकेशीचे पूर्वांग उजळ, शुद्ध गांधाराचे, तर उत्तरांगात धैवत आणि निषाद कोमल. म्हणजे सुखाच्या स्वरातून निघून व्याकूळतेत शिरणे हा या रागाचा स्वभावच आहे. विलासाच्या क्षणी हा राग योजल्याने गाणाऱ्याला न कळलेले त्याचे भवितव्य ऐकणाऱ्याला सुरांतून आधीच जाणवते. हे काम केवळ शब्दांनी झाले नसते. आणि राग निवडणारा व शब्द लिहिणारा वेगवेगळे असते तर इतक्या सहजतेने झाले असते की नाही, याची शंका आहे. बोलपटाने शिवन यांना निरनिराळ्या पात्रांची तोंडे दिली. देवळाभोवतीच्या रस्त्यावर बोलणारा एकच होता, भक्त; पडद्यावर कामुक, पश्चात्तापी, माता, राणी असे अनेक बोलणारे मिळाले. बोलणाऱ्यापासून गीत सुरू करण्याची जी त्यांची रीत, तिला येथे नवे क्षेत्र लाभले. दारातल्या श्रोत्याप्रमाणेच चित्रगृहातील चार आण्यांचा श्रोताही एकदाच ऐकतो, हे साम्यही विसरता येणार नाही.

तथापि शार्ङ्गदेवाची कसोटी मान्य केली तर तिचा दुसरा भागही मान्य करावा लागतो. बोलपटात सर्वच गीते 'मन्मद लीलै'च्या तोडीची नाहीत. प्रचलित चालींवर शब्द बसवण्याची रीत त्या धंद्यात सर्रास होती आणि शिवन तिच्यापासून पूर्णतः अलिप्त राहिले नाहीत. अशा ठिकाणी ते कुट्टिकार ठरतात. मराठी वाचकाला हे समजणे कठीण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून (1880) संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गीताचा निर्देश करण्याची प्रथा पडली, आणि त्या चालींत कानडी चालीही होत्या. मराठी पदाने उसन्या धातूवर मातू चढवण्याचे कसब केले, आणि त्यातून थोर नाट्यपदे निपजली. पण त्यामुळे मराठीत वाग्गेयकाराची परंपरा मात्र क्षीण राहिली. कर्नाटक कृतीच्या माथ्यावर चालीचा निर्देश नसतो. राग आणि ताल यांचे नाव असते. पहिल्यात दुसऱ्या गीताचे ऋण नोंदलेले असते, दुसऱ्यात मोकळे क्षेत्र. शिवन यांनी दोन्ही प्रकारे लिहिले आणि दोहोंतील फरक त्यांच्याच रचनांतून ऐकू येतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि तो बोलपटातील नसून भक्तिगीतांतीलच आहे. शिवन यांनी विपुल लिहिले, आणि विपुलतेत पुनरुक्ती शिरली. अनेक कृतींच्या चरणांत देवतेच्या विशेषणांची संस्कृत सामासिक माळ लागते; एका क्षेत्राच्या देवतेची माळ दुसऱ्या क्षेत्राच्या देवतेच्या गळ्यात घातली तरी बिघडू नये, अशी ती असते. वैयाकरणाची शब्दसंपत्ती येथे बोलणाऱ्या माणसाला गप्प करते. तमिळ गीतातील द्वितीयाक्षरप्रासाचे बंधनही याला काहीसे कारणीभूत आहे. मराठी यमक चरणाच्या अंती असते. तमिळ 'एदुगै' ओळींच्या दुसऱ्या अक्षरात जुळावी लागते. बोलीतील शब्दाने ते न साधले की समास हाताशी येतो. जेथे प्रास बोलण्यातून निघतो तेथे शिवन उत्तम. जेथे बोलणे प्रासासाठी थांबते तेथे ते केवळ निष्णात.

तमिळ भाषेच्या वादातही त्यांचे स्थान असेच सोयीच्या चौकटीत न बसणारे आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मद्रासच्या मैफलींत तेलुगू आणि संस्कृत कृतींचे प्राबल्य होते. 1941 च्या सुमारास अण्णामलै विद्यापीठातून तमिळ गीतांचा पुरस्कार सुरू झाला, 1943 मध्ये 'तमिळ इसै संगम' स्थापन झाला आणि वाद पेटला. एका पक्षाचे म्हणणे, संगीताला भाषा नसते. दुसऱ्या पक्षाचे, श्रोत्याला न कळणारी भाषा त्याला परके करते. शिवन तोवर कितीतरी तमिळ कृती रचून बसले होते. 1934 मध्येच 'कीर्तनमाला' छापली गेली होती. तमिळ श्रेष्ठ हे त्यांनी सिद्ध केले नाही आणि ते त्यांचे प्रयोजनही नव्हते; ते संस्कृतातही रचत. त्यांनी दाखवले ते इतकेच की, चालत्या बोलीचे वाक्य रागाच्या विस्ताराला अडथळा होत नाही, उलट त्याला कारण पुरवते. हा पुरावा कोणत्याही ठरावाहून अधिक टिकला. कारण मैफलीतील गायकांनी पक्ष न पाहता या कृती उचलल्या.

मान्यता मात्र उशिरा आली. मद्रास संगीत अकादमीची 'संगीत कलानिधी' ही पदवी त्यांना 1971 मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर मिळाली; 1972 मध्ये पद्मभूषण; 1 ऑक्टोबर 1973 रोजी त्यांचे निधन झाले. या विलंबाचा दोष एका संस्थेच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ज्याचे गीत आधी रस्त्यावर आणि चित्रगृहात ऐकू आले त्याला शास्त्राच्या पंक्तीत कोठे बसवावे, हा संकोच सर्वत्र होता आणि समीक्षेत तो अद्याप आहे.

त्यागराजांशी तुलना करून शिवन यांचा गौरव करणे सोपे आहे, परंतु त्यात त्यांच्यावर अन्याय होतो. त्यागराजांच्या कृतींतील स्वरविस्ताराची खोली शिवन यांच्यात क्वचित आढळते. नव्या रागरूपांचा शोध हे त्यांचे क्षेत्र नव्हते. त्यांचे कार्य दुसरे होते. देऊळ, रस्ता, मैफल आणि चित्रगृह अशा चार ठिकाणी विखुरलेल्या श्रोत्याशी एकाच आवाजात बोलता येते, हे त्यांनी सिद्ध केले. आणि तो आवाज शब्दांचा होता की स्वरांचा, हे सांगता येऊ नये इतका तो एकजीव ठेवला. शार्ङ्गदेवाच्या प्रतवारीत त्यांच्या काही रचना उत्तम, काही मध्यम आणि काही कुट्टिकाराच्या ठरतील. असा निवाडा गीतागणिक करणे प्राप्त आहे. केवळ भक्तिगीत म्हणून एखादी रचना पूज्य मानणे किंवा केवळ बोलपटातील म्हणून ती त्याज्य मानणे, ही समीक्षा नव्हे.